भूकंपमापक यंत्रे: कोकणातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोयनेचा धक्का चिपळूण-खेडला जाणवला, किंवा डहाणू-तलासरीकडे जमीन हलली, की त्या आठवड्यात तेच ते प्रश्न पुन्हा येतात. त्यांची उत्तरे इथे एकत्र दिली आहेत. पहिले काही प्रश्न अगदी प्राथमिक आहेत. शाळेत किंवा घरी यंत्र बसवणाऱ्यांनी थेट प्रश्न १२ आणि १३ वाचले तरी चालेल.

१. भूकंपमापक यंत्र नेमकं काय मोजतं? ‘रिश्टर’ मोजतं का?

नाही. यंत्र मोजते ते त्याच्या खालच्या जमिनीचे हलणे: किती, कोणत्या दिशेने आणि केव्हा. काही यंत्रे जमिनीचा वेग नोंदतात, काही त्वरण; जुनी यंत्रे सरकण्याचे अंतर नोंदत. बातमीतला ‘४.२’ हा आकडा अनेक केंद्रांच्या नोंदी जमवून, प्रत्येकीत अंतराचा हिशोब घालून नंतर काढलेला असतो. त्या आकड्याला मॅग्निट्यूड म्हणतात आणि तो एका भूकंपाला एकच असतो. तुमच्या घरी भांडी पडली आणि शेजारच्या गावात कोणाला कळलेही नाही, हा फरक तीव्रतेचा. ती जागोजाग बदलते आणि ठरवली जाते ती लोकांना काय जाणवले आणि बांधकामांचे काय झाले यावरून.

२. सगळीच जमीन हलते, मग यंत्र कशाच्या आधारानं मोजतं?

जडत्वाच्या. जड वजन सैल टांगले आणि टांगणी झटकन हलवली, तर वजन क्षणभर जागच्या जागी राहते. वजन आणि चौकट यांच्यातला हा फरक म्हणजेच नोंद. मेख अशी की हे फक्त दोलकाच्या (टांगलेल्या वजनाच्या) स्वतःच्या आवर्तनकालापेक्षा, म्हणजे एक हेलकावा पुरा व्हायला लागणाऱ्या वेळापेक्षा, जलद हालचालींना लागू पडते. हालचाल त्याहून संथ असली की वजन चौकटीबरोबरच सरकते आणि हाती जवळजवळ काहीच लागत नाही. दूरच्या मोठ्या भूकंपाच्या पृष्ठलहरींचा आवर्तनकाल २० सेकंदांच्या घरात असतो. साधा लंबक तेवढा संथ करायचा तर दोरी सुमारे १०० मीटर लांब हवी. २५ सेंमी दोरीचा लंबक एका सेकंदातच आवर्तन पुरे करतो.

यातून वाट निघाली ती आडव्या लंबकाने. वाडीच्या फाटकाचा खांब किंचित कलला की सोडून दिलेले फाटक झुलत झुलत एका ठरावीक जागी येऊन थांबते; कल जितका कमी, तितके झुलणे संथ. ३० सेंमीची दांडी आणि उभ्या रेषेपासून ०.१७ अंश कललेली आस, एवढ्यावर २० सेकंदांचा आवर्तनकाल मिळतो. तोटाही त्यातच आहे. पावसाने जमीन भिजून खोली शतांश अंशाने कलली, तरी अशा यंत्राची रेषा भरकटते. उभ्या हालचालीसाठी असेच संथ स्प्रिंग लागते; त्याची चांगली रचना लुसियन लाकोस्ट यांनी १९३४ मध्ये दाखवली.

उरलेली अर्धी बाजू अवमंदनाची. एकदा हललेले वजन स्वतःच्याच लयीत हेलकावत राहिले, तर जमीन थांबल्यावरही रेषा नाचत राहते आणि पुढच्या लहरी त्यात बुडतात. म्हणून हवेचा दट्ट्या, तेल किंवा चुंबक वापरून वजनाला आवर घालतात, साधारणपणे निर्णायक अवमंदनाच्या (वजन न हेलकावता जागेवर यायला लागणाऱ्या किमान आवराच्या) ७० टक्के. आजच्या ब्रॉडबँड (जलद आणि संथ दोन्ही हालचाली टिपणाऱ्या) यंत्रात वजनाला हलूच देत नाहीत. ते सरकायला लागले की वेटोळ्यातला विद्युतप्रवाह त्याला मागे ढकलतो, आणि त्यासाठी किती प्रवाह लागला हीच नोंद.

३. एका यंत्रात तीन सेन्सर कशाला?

जमीन वर-खाली, उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम अशी तिन्ही अक्षांवर हलते. आधी पोहोचणारी पी लहर उभ्या सेन्सरवर स्पष्ट उमटते, मागून येणारी एस लहर आडव्या दोघांवर. एकच सेन्सर परवडत असेल तर उभा घ्या.

४. पहिलं यंत्र चीनमध्ये झालं म्हणतात, ड्रॅगन आणि बेडूक असलेलं. ते खरंच चालायचं का?

इ.स. १३२ मध्ये झांग हेंग यांनी ते केल्याची नोंद चिनी इतिहासग्रंथात आहे: कांस्याचा रांजण, आठ दिशांना आठ ड्रॅगन, धक्का बसला की एकाच्या तोंडातली गोळी खालच्या बेडकाच्या तोंडात पडणार. मूळ वस्तू उरलेली नाही आणि आतली रचना कशी होती हे त्या वर्णनातून नीट उलगडत नाही. संग्रहालयांत दिसतात त्या नंतर केलेल्या प्रतिकृती.

ते धक्का बसल्याचे दाखवणारे साधन होते, आलेख काढणारे नव्हे. पडलेल्या गोळीवरून भूकंपाची दिशा कळते, हा दावा तर जपूनच घ्यावा. एस लहर आपल्या प्रवासाच्या दिशेला आडवी हलवते, त्यामुळे सर्वांत मोठा हिसका भूकंपाच्या दिशेनेच बसेल असे नाही.

५. मग आलेख काढणारी यंत्रं कधी आली? ती एवढी अवजड का असायची?

इटलीत १८५६ मध्ये लुइजी पाल्मिएरी यांनी व्हेसुव्हियसवर पारा भरलेल्या नळ्यांचे विद्युत यंत्र बसवले होते. तेही धक्क्याची वेळ आणि अंदाजे जोर एवढेच सांगे. खरी गती आली ती जपानमध्ये. फेब्रुवारी १८८० मध्ये योकोहामाला धक्का बसला आणि टोकियोत शिकवणाऱ्या जॉन मिल्न, जेम्स युइंग आणि थॉमस ग्रे यांनी आडव्या लंबकाची यंत्रे घडवली. हलणाऱ्या जमिनीची वेळेनुसार सलग रेषा हाती आली ती त्यांच्यामुळे.

१७ एप्रिल १८८९ रोजी जर्मनीत पॉट्सडॅमला एर्न्स्ट फॉन रेबॉयर-पाश्विट्झ यांच्या लंबकावर अनपेक्षित हेलकावे उमटले. ते यंत्र जमिनीचा अतिसूक्ष्म कल मोजण्यासाठी होते. हेलकावे जपानमधल्या भूकंपाचे निघाले. घरबसल्या जगभरचे भूकंप टिपता येतात हे तिथे सिद्ध झाले.

वजनाचे कारण घर्षण. सुई कागदावर घासते आणि तरफांच्या सांध्यांत अडते. हालचाल जितकी मोठी करून दाखवायची, तितका हा अडथळा वाढतो. त्याला न जुमानणारे वजन हवे, म्हणून एमिल वीखर्ट यांचा उलटा लंबक हजार किलोच्या आसपास होता, आणि ग्योटिंगेनला त्यांनी १७ टनांचाही बसवला. १९०६ च्या सुमारास रशियात बोरिस गोलित्सिन यांनी वजनाला वेटोळे जोडून ते चुंबकात हलवले. निर्माण झालेला प्रवाह गॅल्व्हॅनोमीटरच्या आरशाला फिरवी आणि प्रकाशाचा ठिपका फोटोच्या कागदावर रेषा काढी. घासणारी सुईच गेली, तेव्हा टनावारी वजनाची गरजही संपली. आज शाळांत वापरल्या जाणाऱ्या जिओफोनचे तत्त्व हेच आहे, फक्त तो मुठीत मावतो.

६. आपल्या किनाऱ्यावर पहिलं यंत्र कुठे बसलं? अलिबागच्या वेधशाळेत का?

मुंबईतल्या कुलाब्याला. १२ जून १८९७ च्या शिलाँगच्या भीषण भूकंपानंतर भारतात यंत्रे बसवायचे ठरले. १ डिसेंबर १८९८ रोजी कलकत्त्यात अलिपूरला मिल्न यांच्या पद्धतीचे यंत्र सुरू झाले आणि १८९९ मध्ये कुलाबा आणि कोडाईकनाल इथे. मिल्न यांच्या त्या यंत्रात अवमंदन नव्हते, त्यामुळे त्या काळच्या आलेखांवरून नेमका हेलकावा काढताना आजही हात राखावा लागतो. तरीही त्याच शिलाँग भूकंपाच्या दूरवरच्या नोंदी चाळून रिचर्ड ओल्डहॅम यांनी १९०० मध्ये लहरींचे तीन वेगळे गट दाखवले. प्रश्न ८ मधले सगळे गणित त्यावर उभे आहे.

अलिबागची गोष्ट वेगळी. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्यातले चुंबकीय मापन १९०४ मध्ये अलिबागला हलवले गेले. ती वेधशाळा पृथ्वीचे चुंबकत्व मोजते. टांगलेले चुंबक मोठ्या भूकंपात यांत्रिकपणे हलतात आणि जुन्या चुंबकीय आलेखांवर त्याची खूण उमटते. त्यामुळे गैरसमज होतो, पण ते भूकंपमापक नव्हे.

७. ते ड्रम, काजळीचा कागद कुठे गेले? संगणकानं काय साधलं?

काजळीचा कागद असा बने: गुळगुळीत कागद ड्रमवर गुंडाळून धुरकट ज्योतीवर फिरवायचा, काळा थर एकसारखा बसला पाहिजे. सुई तो खरवडत जाते आणि पांढरी रेषा उमटते. दिवस संपला की कागद लाखेच्या पातळ द्रावणात बुडवून पक्का करायचा. आधी बोट लागले तर नोंद गेली. ड्रम मिनिटाला ६० मिमी फिरला तर एक मिलिमीटर म्हणजे एक सेकंद. एका ओळीत १५ मिनिटे, दिवसाच्या ९६ ओळी, आणि ओळींवर ओळ येऊ नये म्हणून ड्रम बाजूलाही सरकत राहतो. १९६० च्या दशकात जगभर एकसारखी यंत्रे बसवलेले जाळे उभे राहिले, त्यात पुण्याचे केंद्र होते. तिथे नोंद फोटोच्या कागदावर होई.

कागदाची मर्यादा रेषेच्या जाडीत. रेषेपेक्षा बारीक हालचाल दिसत नाही आणि मोठी हालचाल कागदाबाहेर जाते. लहान-मोठ्यांतले गुणोत्तर काहीशेच्या पुढे जात नाही. २४ बिटांचा डिजिटायझर (सेन्सरच्या संकेताचे आकडे करणारे उपकरण) तोच पल्ला १ कोटी ६७ लाख पायऱ्यांत मांडतो. सेकंदाला १०० नमुने आणि तीन सेन्सर धरले तर दिवसाला २ कोटी ५९ लाख आकडे जमतात. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर दक्षिण भारतातली केंद्रे डिजिटल करण्याच्या कामाने वेग घेतला.

आमच्या मते मात्र सर्वांत मोठा फायदा घड्याळाचा झाला. पूर्वी तारेने, नंतर रेडिओने येणाऱ्या वेळेशी घड्याळ जुळवत. आता जीपीएस ते काम सेकंदाच्या लाखाव्या भागापेक्षाही बारकाईने करते.

८. एकाच यंत्रावरून भूकंप किती दूर झाला हे कळतं का?

अंतर कळते, दिशा खात्रीने कळत नाही. आपल्या बेसाल्टखालच्या कवचात पी लहर सेकंदाला साधारण ६ किमी जाते आणि एस साधारण ३.५ किमी. दोघींच्या येण्यातले सेकंद मोजा आणि ८ ने गुणा. आलेखावर पी नंतर ८ सेकंदांनी एस आली, तर भूकंप सुमारे ६५ किमीवर. कोयनानगर ते रत्नागिरी सरळ रेषेत एवढेच आहे. कुलाब्यात त्याच भूकंपाचा फरक २४ सेकंदांच्या आसपास येतो. तीन केंद्रांभोवती अशी वर्तुळे काढली की ती जिथे मिळतात तो परिसर आपला.

दोन गोष्टी चुकतात. एक, हे अंतर तिरके आहे, जमिनीखालच्या उगमापर्यंतचे. कोयनेचे बहुतेक भूकंप १० किमीपेक्षा उथळ असल्याने रत्नागिरीत याने फारसे बिघडत नाही, पण यंत्र ५ किमीवर असेल तर वर्तुळ सपशेल फसते. दुसरी गोष्ट घड्याळाची. ते एक सेकंद चुकले तरी एकाच यंत्रावरचा पी-एस फरक बरोबरच राहतो. मात्र इतर केंद्रांशी वेळा जुळवताना तीच चूक ६ किमीची होते. आठ हा गुणक काहीशे किलोमीटरपर्यंतच वापरा. त्यापुढे लहरी खोलवरून येतात आणि तक्ते लागतात.

९. एकाच भूकंपाला कोणी ४.१ म्हणतं, कोणी ४.४. खरं कोणाचं?

बहुतेक वेळा दोघांचेही. ०.२ ते ०.३ चा फरक नेहमीचा आहे: केंद्रे वेगळी, त्यांच्या खालची जमीन वेगळी, आणि अनेकदा मापपट्टीच वेगळी. चार्ल्स रिश्टर यांनी १९३५ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियासाठी ठरवलेली मापपट्टी वुड-अँडरसन नावाच्या एका विशिष्ट यंत्राला बांधलेली होती: १०० किमीवर त्या यंत्रात १ मिमी रेषा हलली तर मॅग्निट्यूड ३. आज ते यंत्र कोणी वापरत नाही. डिजिटल नोंदीवरून त्या यंत्राने काय दाखवले असते ते काढतात. त्या यंत्राचे विवर्धन २८०० मानले जाई, नंतर तपासले तर ते २०८० च्या आसपास निघाले. कोणता आकडा वापरला यावरच ०.१३ चा फरक पडतो.

मोठ्या भूकंपांना ही पट्टी अपुरी पडते, साडेसहा-सातच्या पुढे आकडा वाढायचाच थांबतो. म्हणून १९७९ पासून हँक्स आणि कानामोरी यांची मोमेंट मॅग्निट्यूड पद्धत रूढ झाली; ती भ्रंश (खडकातली सरकणारी भेग) किती लांब-रुंद तुटला आणि किती सरकला यावर चालते. कोणतीही पट्टी घ्या, एक अंक वाढला की हेलकावा १० पट आणि ऊर्जा सुमारे ३२ पट.

१०. कोयनेचा १९६७ चा भूकंप यंत्रांनी टिपला होता का?

हो, आणि ती नोंद आजही जगभरचे धरण-अभियंते वापरतात. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी ६.३ मॅग्निट्यूडचा भूकंप झाला. धरणात बसवलेल्या त्वरणमापकाने धरणाच्या लांबीच्या दिशेने ०.६३ जी, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या ६३ टक्के, एवढे कमाल त्वरण नोंदले.

जवळच्या मोठ्या भूकंपासाठी अशी वेगळी, ‘बोथट’ यंत्रे मुद्दाम लागतात. संवेदनशील ब्रॉडबँड सेन्सर जमिनीचा वेग सेकंदाला एखाद सेंटिमीटरपुढे गेला की टोकाला भिडतो आणि आलेखाचा माथा सपाट छाटला जातो. त्वरणमापक २ ते ४ जीपर्यंत शाबूत राहतो. बारीक धक्के त्याला दिसत नाहीत, ते त्याचे कामही नव्हे. त्या काळची फिल्मची त्वरणमापके धक्का बसल्यावर चालू होत, त्यामुळे सुरुवातीचा क्षण निसटे. आताची सतत नोंदतात.

११. पावसाळ्यात आमच्या यंत्राची रेषा जाड का होते? बिघडलंय का?

बिघडलेले नाही, ते समुद्र नोंदते आहे. विरुद्ध दिशांनी जाणाऱ्या लाटा एकमेकींवर आल्या की समुद्रतळावर त्यांच्या निम्म्या आवर्तनकालाने दाब पडतो. १२ ते १६ सेकंदांच्या लाटांपासून ६ ते ८ सेकंदांची अखंड थरथर जमिनीत शिरते. तिला सूक्ष्मकंप म्हणतात. किनाऱ्यावर ती जास्त आणि जून ते सप्टेंबर सर्वांत जास्त. कुलाब्याच्या नोंदींवरून सुधांशुकुमार बॅनर्जी यांनी मान्सून, समुद्रावरची वादळे आणि ही थरथर यांचा संबंध १९३० मध्येच मांडला होता. निम्म्या आवर्तनकालाचे गणित लाँग्वेट-हिगिन्स यांनी १९५० मध्ये पूर्ण केले.

उपाय सोपा: जवळचे भूकंप पाहायचे असतील तर १ हर्ट्झच्या खालचे सगळे फिल्टरने काढा. कोयनेचे छोटे धक्के २ ते २० हर्ट्झमध्ये भरतात, ते लगेच वर येतात. साठवताना मात्र मूळ नोंदच ठेवा, फिल्टर फक्त पाहताना लावा.

१२. शाळेत यंत्र बसवायचं आहे. जागा कुठली आणि बसवायचं कसं?

स्वस्त यंत्र चांगल्या जागी बसवले तर महागड्या यंत्राला मागे टाकते, उलटे कधीच होत नाही. कोकणात पहिला प्रश्न जांभ्याचा. सड्यावरचा जांभा वरून टणक दिसतो, पण आत पोकळ्या असतात आणि खाली मऊ शेडू लागतो. उघडा काळा कातळ मिळाला तर तोच घ्या. नसेल तर जांभ्याचा मऊ थर खणून टाकून घट्ट भागापर्यंत जा. वाळूवर, भरावाच्या जमिनीवर आणि खाडीच्या चिखलावर बसवू नका.

खोली तळमजल्याची, कमी वावराची. माड, आंबा, फणस यांपासून निदान झाडाच्या उंचीएवढे लांब राहा, वाऱ्याने खोड डोलते तशी मुळांभोवतीची जमीनही हलते. विहिरीचा पंप, पिठाची गिरणी, रस्ता यांपासून जितके दूर जाता येईल तितके जा. कोकण रेल्वेचा रूळ जवळ असेल तर प्रत्येक गाडी नोंदली जाईल हे धरून चाला.

चौथरा ६० × ६० सेंमी, काँक्रीटचा, थेट कातळावर ओतलेला. खोलीच्या लादीला तो चिकटू देऊ नका. भोवती ५ सेंमी फट ठेवा, नाहीतर वर्गातली पावले थेट सेन्सरमध्ये येतात. माथा घोटून सपाट करा, वर टाइल लावू नका: टाइलखाली पोकळी राहिली की ती स्वतःच वाजते. काँक्रीट महिनाभर पाणी मारून मुरू द्या. मग सेन्सर ठेवून तिन्ही पायांनी बुडबुडा मध्ये आणा आणि पायांचे चेकनट घट्ट आवळा. हे राहिले तर आठवड्यात पातळी जाते.

सेन्सरवरचा उत्तरेचा बाण खऱ्या उत्तरेला हवा. कोकणात चुंबकीय आणि खरी उत्तर यांत एक अंशाहूनही कमी फरक आहे, त्यामुळे होकायंत्र चालते, पण इमारतीतल्या सळ्या त्याला फसवतात. रेषा बाहेर मोकळ्यावर आखा आणि दोरीने आत आणा. केबल सेन्सरजवळ सैल वेटोळे करून चौथऱ्यालाच टेपने चिकटवा. वरून थर्माकोलचा खोका झाका, पंख्याचा वारा आणि तापमानाचे चढउतार त्याने अडतात.

शेवटी तपासणी. तीन मीटरवर उडी मारा; तिन्ही रेषा हलल्या पाहिजेत आणि लगेच शांत झाल्या पाहिजेत. मग जगात कुठेतरी मोठा भूकंप होण्याची वाट पाहा आणि त्याची वेळ जवळच्या अधिकृत केंद्राशी ताडून घ्या.

१३. यंत्र काही महिने चाललं, आता नोंदी विचित्र येतात. काय पाहायचं?

आधी घड्याळ. जीपीएसचा अँटेना माडाच्या झावळ्यांखाली किंवा पत्र्याखाली असेल तर पावसाळ्यात उपग्रह सुटतात आणि वेळ हळूहळू सरकते. नोंद दिसायला उत्तम असते, म्हणून ही चूक सर्वांत उशिरा सापडते.

रेषेत एकसारखी ५० हर्ट्झची गुणगुण असेल तर अर्थिंग सैल आहे किंवा केबल विजेच्या तारेला समांतर नेली आहे. इन्व्हर्टरचाही गोंगाट येतो. १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवा आणि बॅटरी चार्जरला जोडून ठेवा. खाऱ्या हवेने कनेक्टरच्या पिना हिरव्या पडतात. त्या वर्षातून दोनदा, मे आणि ऑक्टोबरमध्ये, साफ करून सिलिकॉन ग्रीस लावा. खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या भिजल्या की बदला. मुंग्या आणि पाली उबेला येतात, केबलची भोके सील करा. कोळ्याचे एक जाळे सेन्सरपासून झाकणापर्यंत ताणले गेले तरी वाऱ्याची हालचाल आत पोहोचते.

वळवाच्या आणि परतीच्या पावसातल्या विजा डिजिटायझर जाळतात. सर्ज संरक्षण वीज आणि नेटवर्क दोन्ही तारांना हवे. बहुतेक जण फक्त पहिलीला लावतात.

पी लहरीच्या अगदी आधी बारीक थरथर दिसली तर तो भूकंपाचा पूर्वसंकेत समजू नका. काही डिजिटल फिल्टर तीव्र सुरुवातीच्या आधीही लहरी दाखवतात.

१४. मोठा आवाज झाला, कपाटं वाजली, पण अधिकृत यादीत काहीच नाही. असं कसं?

धक्का इतका लहान असेल की तो दूरच्या केंद्रांपर्यंत पोहोचलाच नाही. अगदी उथळ भूकंप दीड-दोन मॅग्निट्यूडचा असला तरी वरच्या गावात दणका ऐकू येतो, कारण पी लहरीचा २० हर्ट्झच्या वरचा भाग जमिनीतून हवेत शिरतो आणि तो कानाला कळतो. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी पट्ट्यात, धुंदलवाडीच्या परिसरात, अशा धक्क्यांची मालिका सुरू झाली तेव्हा जवळ तात्पुरती यंत्रे लावावी लागली. त्यानंतरच लहान धक्क्यांच्या जागा नीट कळू लागल्या. दुसरी शक्यता सुरुंगाची, तिच्यासाठी पुढचा प्रश्न. तिसरी विमानाच्या ध्वनिस्फोटाची: त्यात खिडक्या थरथरतात, जमीन नाही.

१५. खाणीतला सुरुंग की भूकंप, हे आलेखावरून ओळखता येतं का?

बहुतेकदा येते. सुरुंग सगळीकडे बाहेर ढकलतो, म्हणून प्रत्येक केंद्रावर पहिली हालचाल वरच्या दिशेने असते. भूकंपात काही केंद्रांवर वर, काहींवर खाली. सुरुंगाची एस लहर दुबळी असते आणि मागून संथ, मोठी पृष्ठलहर येते, कारण स्फोट जमिनीलगत होतो. वेळही बोलते: महिन्याभराचे ‘धक्के’ तासावार मांडा, ते दुपारी आणि संध्याकाळी कामाच्या वेळेतच गोळा होत असतील तर ती खडीची खाण आहे. एका यंत्रावर पहिली हालचाल वर दिसली म्हणून निकाल देऊ नका. भूकंपातही तसे घडतेच.

१६. मोबाइल भूकंपमापक म्हणून चालतो का?

जवळच्या, जोराच्या धक्क्यासाठी चालतो. फोनमधल्या त्वरणमापकाची स्वतःची खरखर गुरुत्वाच्या हजाराव्या भागाच्या आसपास किंवा थोडी कमी असते. माणसाला जेमतेम जाणवणारा धक्काही याच पातळीचा, त्यामुळे जे तुम्हाला कळले नाही ते फोनलाही सहसा कळत नाही. ताकद संख्येत आहे: हजारो स्थिर फोन एकाच वेळी हलले की ती सूचना ठरते. अँड्रॉइडची अशी सूचनाव्यवस्था भारतात सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झाली.

१७. कोयनेला भूकंप झाला तर यंत्रं आम्हाला आधी सांगू शकतील का?

भूकंप होण्यापूर्वी सांगणारे यंत्र नाही. झाल्यावर, जोराची एस लहर पोहोचण्याआधी काही सेकंद मिळू शकतात. जपान आणि मेक्सिको तसे करतात. कोयनेचे गणित मांडून पाहा. जवळच्या केंद्रांना पी लहर मिळणे, हिशोब आणि संदेश यांत ८ सेकंद गेले असे धरू. तेवढ्यात एस लहर २८ किमी गेलेली असते, आणि चिपळूण सरळ रेषेत जवळजवळ तेवढ्याच अंतरावर आहे. चिपळूणला इशारा धक्क्याबरोबरच पोहोचेल, रत्नागिरीला सुमारे ११ सेकंद मिळतील, मुंबईला ४५ च्या वर. म्हणजे ज्यांना सर्वाधिक गरज त्यांनाच सर्वांत कमी वेळ. घाटमाथ्याजवळच्या गावांसाठी घराचे बांधकाम भक्कम असणे हाच उपाय.

१८. समुद्रात भूकंप झाला तर त्सुनामी येणार की नाही, हे भूकंपमापक सांगतं का?

शक्यता सांगते, लाट मोजत नाही. अरबी समुद्रात नोव्हेंबर १९४५ मध्ये मकरान किनाऱ्यालगत ८.१ मॅग्निट्यूडचा भूकंप झाला आणि मुंबईला सुमारे दोन मीटर उंचीच्या लाटा आल्या. मुंबई आणि कराचीच्या भरतीमापकांवर त्याची नोंद आहे. आज हैदराबादचे त्सुनामी इशारा केंद्र, जे २००७ पासून चालू आहे, भूकंपाची जागा, खोली आणि मॅग्निट्यूड काही मिनिटांत काढते आणि मग समुद्रतळावरच्या दाबमापकांकडून लाट खरोखर निघाली का ते पाहते.

३००० मीटर खोल पाण्यात त्सुनामी ताशी सुमारे ६२० किमी धावते, ५० मीटर खोलीवर तीच ताशी ८० किमी होते. कोकणासमोरचा उथळ पट्टा रुंद आहे, त्यामुळे लाट उशिरा येते पण एकामागून एक येत राहते. पहिली ओसरली म्हणून कोणी बंदरावर होड्या पाहायला जाऊ नये.

१९. मॅग्निट्यूड उणे असू शकतं का?

हो. शून्य म्हणजे भूकंप नाही असे नव्हे. रिश्टर यांच्या व्याख्येत १०० किमीवर त्या यंत्रात एक सहस्रांश मिलिमीटर हलणे म्हणजे शून्य. त्याहून लहान धक्का उणे. असे धक्के पृष्ठभागावरच्या यंत्राला वाऱ्या-पावसाच्या गोंगाटात सापडत नाहीत, म्हणून सेन्सर खाली नेतात. कोयना-वारणा परिसरात सुमारे दीड किलोमीटर खोल विंधणविवरांत भूकंपमापक उतरवले आहेत. गोठण्याला तर तीन किलोमीटर खोल प्रायोगिक विवर खणले गेले.

२०. इंग्रजी नोंदींत कोयनेच्या भूकंपाची तारीख १० डिसेंबर दिसते, आपल्याकडे ११. चूक कोणाची?

कोणाचीच नाही. आंतरराष्ट्रीय नोंदी जागतिक प्रमाणवेळेत असतात आणि भारतीय वेळ तिच्यापुढे साडेपाच तास आहे. आपली ११ तारखेची पहाटेची ४:२१ म्हणजे तिथे १० तारखेची रात्रीची १०:५१. यंत्राचे घड्याळ नेहमी जागतिक वेळेवरच ठेवा, भारतीय वेळ फक्त पडद्यावर दाखवा. फाइलच्या नावात दोन्ही वेळा मिसळल्या की मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळेतले सगळे धक्के चुकीच्या दिवशी शोधले जातात.